सीएनसी मशिनिंगमध्ये सध्या काय ट्रेंड आहे? आयटीआय झालेल्या भावाला नाशिकमध्ये यात घालू का?

घाला की, पण नुसतं सायकल स्टार्ट (मशीन चालू करायचं बटण) दाबायला नको. मी अंबडला जॉबवर्कच्या (दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या) शॉपमध्ये सेटिंग-प्रोग्रामिंग, म्हणजे मशीनवर पार्ट-टूल जुळवणं आणि प्रोग्राम लिहिणं, बघतो, तर इथे जे दिसतंय ते सांगतो.

सातपूर-अंबडचं बरंचसं काम गाड्यांचं, त्यात डिझेल इंजेक्शनचे बारीक पार्टही आले. इलेक्ट्रिक गाडीत इंजेक्टरच नाही, त्यामुळे ज्यांचं पोट तेवढ्याच पार्टवर आहे ते दुसरं काम शोधतायत. डिझेल काय उद्या बंद होत नाही म्हणा, ट्रक-ट्रॅक्टर आहेतच.

मालक लोकांचा डोळा आता विमानाच्या कामावर. ओझरला एचएएल (सरकारी विमान कंपनी) आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाची लाइन सुरू झाली. पण हे काम ऑटोसारखं नसतं, क्वांटिटी कमी, मटेरियल महाग, प्रत्येक जॉबमागे (म्हणजे पार्टमागे) कागदपत्रं, आणि एएस ९१०० हे विमानाच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट नसेल तर बरेचदा कोटेशनपर्यंतही जात नाही. टायटॅनियम तर डोकं खातं, उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, इन्सर्टच्या (टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्याच्या) टोकालाच राहते, मग स्पीड उतरवा आणि कूलंट नीट मारा.

म्हणून टूल-जॉब पाच प्रकारे हलवू-फिरवू शकणाऱ्या मशीनची, म्हणजे ५ अ‍ॅक्सिसची चर्चा. साध्या व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) जॉब सोडून परत बांधला की दरवेळी थोडा फरक पडतोच, ५ अ‍ॅक्सिसला एकदा बांधला की खालची बाजू सोडून बहुतेक सगळं होतं. मशीन मात्र महाग, छोट्या शॉपला हप्तेच झेपत नाहीत.

माल आपोआप भरणारे बार फीडर, गॅन्ट्री लोडर, मशीनमध्येच जॉब मोजणारा प्रोब हे आता छोट्या शॉपमध्येही दिसतं, एका माणसाकडे दोन-तीन मशीन सहज. एआयवालं कॅम (मशीनचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) टूलपाथ, म्हणजे टूल कुठून फिरवायचं ते, सुचवतं, बरं सुचवतं, पण पातळ भिंतीचा जॉब कुठे धरला की वाकणार नाही हे अजून सेटरच बघतो. आणि हो, चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनच्या निर्यातीवर बंधनं आणल्यापासून कार्बाइड (टंगस्टनचं, इन्सर्ट ज्याचे बनतात ते) महागलंय, आधी अर्धवट वापरलेला इन्सर्ट स्क्रॅपमध्ये जायचा, आता प्रत्येक कडेचा हिशोब.

भावाला ड्रॉइंग वाचणं, जीडी अँड टी (आकार-जागेत किती फरक चालेल ते दाखवणाऱ्या ड्रॉइंगवरच्या खुणा), बोअर गेज-मायक्रोमीटर आधी पक्कं करायला लावा, कॅम त्यानंतर. आणि सुरुवातीला हजार-दोन हजार कमी मिळाले तरी जिथे सेटिंगला हात लावू देतात तिथे पाठवा, मग ते सिन्नरला का असेना.