दोन मिनिटं हात ठीक नव्हता

(पत्र थोडक्यात: 'आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. थोरली १४ वर्षांची. तिला मोयामोया हा मेंदूच्या धमन्यांचा आजार निघाला, गेल्या वर्षी मुंबईत मेंदूची बायपास झाली. धाकट्या भावाचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सासूबाई म्हणतात, चांगल्या पोराला दवाखान्याची पायरी कशाला दाखवता? हेही गप्प. त्यांची समजूत कशी घालू?')

अगं, चार पानांतली तीन सासूबाईंवर खर्च केलीस. मी शेवटच्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबले: 'तो धडधाकट आहे, जरा वेंधळा इतकंच, परवा मिसळीचा गरम रस्सा फुंकताना चमचा पडला, पण दोन मिनिटांत हात ठीक झाला.'

म्हणजे दोन मिनिटं हात ठीक नव्हता!

मोयामोयात मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या अरुंद होत जातात. भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं वाढतं, ते अँजिओग्राफीत धुरासारखं दिसतं. त्यावरूनच हे जपानी नाव पडलं. असं मूल जोरात फुंकतं किंवा हमसून रडतं, तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात आणि आधीच तुटपुंजं रक्त आणखी कमी पोचतं. हात लुळा पडतो, जीभ अडखळते, मग सगळं पूर्ववत. चमचा नुसता निसटलाही असेल. पण सख्ख्या बहिणीला हा आजार असताना ते तू आणि मी घरबसल्या ठरवायचं नाही.

मला राग तुझा आलाय. सासूबाईंनी तो हात पाहिला नव्हता. तू पाहिलास, लिहिलास, आणि तरी त्यांच्या होकारासाठी थांबलीस.

कुणाची समजूत घालू नकोस. उद्या सकाळी मुलीच्या न्यूरोसर्जनला फोन कर आणि ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखव. एमआरआय आणि सोबत मेंदूच्या धमन्यांचा एमआरए. त्यात क्ष-किरणं नसतात, बहुधा सुईही टोचावी लागत नाही. खडखडणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहायचं. नाशकातच होईल. ज्यांना राग यायचा त्यांना रिपोर्ट आल्यावर येऊ दे.

तोवर फुगे फुगवणं बंद, पाणी भरपूर, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर अंगावर काढायचं नाही. पुन्हा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर दोन मिनिटं मोजत बसू नकोस, लगेच १०८ लाव.

आणि आज रात्री त्याला वरण निवल्यावर वाढ.