विद्यानगरात बिऱ्हाड न्यावे का?

प्रश्न : स. न. वि. वि. मी पुण्यातील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात नऊ वर्षे सहायक प्राध्यापक आहे. आमचे घर धायरीला आणि महाविद्यालय वाघोलीच्या पलीकडे असल्यामुळे रोजचे चार तास रस्त्यावर जातात. पगार ५८ हजार आहे. कराडच्या विद्यानगर भागातील एका खासगी महाविद्यालयाने मला ६६ हजारांवर बोलावले आहे. यजमान हिंजवडीला संगणक कंपनीत असून त्यांना आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात जावे लागते. त्यांच्या एका फेरीचा खर्च आम्ही तीन हजार धरला आहे. मुलगी आठवीत, केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळेत आहे. धायरीच्या फ्लॅटचा हप्ता २७ हजार आहे. तो भाड्याने दिला तर १९ हजार येतील, आणि कराडला घरभाडे १२ हजार पडेल. सासूबाईंचे माहेर कराडजवळच्या पाटणचे, त्यामुळे त्या एका पायावर तयार आहेत. बाकीचे नातेवाईक मात्र ‘पुणे सोडून कोणी कराडला जाते का’ असे म्हणतात. आम्ही जावे का? — एक वाचक, धायरी

उत्तर : आपण आकडे दिले आहेत, तेव्हा प्रथम आकडेच पाहू. पगारात आठ हजार वाढतात आणि धायरीचे भाडे घेऊन कराडचे भाडे दिल्यावर सात हजार हाती राहतात, म्हणजे पंधरा हजार झाले. यजमान आठवड्याला एक अशा महिन्यातून चार फेऱ्या करणार, त्यांचे बारा हजार वजा केले की उरतात तीन हजार, आणि तेही धायरीचा भाडेकरू वर्षभर टिकला तर. तेव्हा या बदलीत पैशाची कमाई जवळपास नाही, हे आपण दोघांनी आधी एकमेकांशी कबूल करावे. जे मिळणार आहे ते आपले रोजचे चार तास, आणि महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांचे ते अठ्ठ्याऐंशी तास होतात. हे मोल मी कमी लेखत नाही. फक्त त्यातले काही तास आता यजमानांच्या खात्यातून वळते होणार आहेत. तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन टोलनाके आणि मध्ये खंबाटकीचा घाट ओलांडून कराडहून हिंजवडी गाठायची म्हणजे एका वेळचे साडेतीन-चार तास सहज जातात. त्यांनी सलग दोन दिवस कार्यालय ठेवून मधली रात्र पुण्यात काढली तरच हे वर्षानुवर्षे जमेल. ‘सध्या दोन दिवस’ हे कंपनीचे धोरण उद्या चार दिवसांचे झाले तर काय करायचे, याचे उत्तर घर हलवण्यापूर्वी त्यांनी स्वतःपाशी तरी तयार ठेवले पाहिजे.

आता गावाविषयी. ज्याला आपण सरसकट ‘कॉलेजचे गाव’ म्हणतो, त्याचे माझ्या मते दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एका प्रकारात संस्था आधी येते आणि गाव तिच्याभोवती गोळा होते. प्रवरानगर आणि वारणानगर येथे आधी साखर कारखाना उभा राहिला आणि मग त्याच्याच सावलीत शाळा-महाविद्यालये आली. लोणेऱ्याला महामार्गालगत, माणगाव आणि महाडच्या मधोमध, १९८९ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले आणि खानावळी, झेरॉक्सची दुकाने, खोल्या हे सारे त्यानंतर आले. दुसऱ्या प्रकारात गाव आधीपासून स्वतःच्या पायावर उभे असते आणि महाविद्यालये त्याच्यात भर घालतात. कराड हे दुसऱ्या प्रकारचे आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरची ती जुनी बाजारपेठ आहे, आजूबाजूला सहकारी साखर कारखाने आहेत, मलकापूरच्या बाजूला मोठे रुग्णालय आणि अभिमत विद्यापीठ आहे. नदीपलीकडे सैदापूरच्या हद्दीतल्या विद्यानगरात रयत शिक्षण संस्थेचे १९५४ पासूनचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आहे आणि १९६० मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथेच आहे. यांपैकी एखादी संस्था डळमळली तरी गावाची दुकाने बंद पडत नाहीत.

हा भेद मी एवढा लांबवते, त्याला कारण आहे. तरुणपणी मी पहिल्या प्रकारच्या एका गावात चार वर्षे शिकवले. संस्थेने एकदा सलग चार महिने पगार दिला नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने कोणाचीही वही बंद केली नाही. ‘मॅडम, तुम्ही गेलात तर मी कोणाला विकू?’ असे तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. त्याचे गिऱ्हाईक, माझा पगार, घरमालकाचे भाडे आणि रिक्षावाल्याची फेरी ही सारी एकाच तिजोरीतून निघत होती. अशा ठिकाणी नोकरी गेली की दुसरी शोधण्याकरिता घर, शाळा आणि गाव एकदमच सोडावे लागते. कराडला ती वेळ आली तर आसपास चार दारे ठोठावता येतील. पुढे सातारा आणि कोल्हापूर ही दोन्ही जिल्ह्याची गावे दीड तासाच्या आत आहेत. म्हणून गाव म्हणून कराडविरुद्ध माझ्यापाशी फारसे काही नाही.

माझी शंका आहे ती नोकरीविषयी, आणि त्याबद्दल आपल्या पत्रात आश्चर्य वाटावे इतके कमी आहे. ६६ हजार हा आकडा आहे, पण ते पद कोणते आहे? शासकीय महाविद्यालयात नेमणूक लोकसेवा आयोगामार्फत होते आणि बदलीही होऊ शकते. अनुदानित महाविद्यालयात पगार शासन देते. विनाअनुदानित महाविद्यालयात तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. आपण नऊ वर्षे याच तिसऱ्या प्रकारात काढली असल्यामुळे आपल्याला हे सांगायला नको, तरीही नवीन गावाच्या ओढीने माणूस जुना अनुभव बाजूला ठेवतो असे मी अनेकदा पाहिले आहे. पगार थकल्यावर ‘शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून यायची आहे’ हे वाक्य आपण पुण्यात ऐकले असेल, तर ते कराडलाही ऐकू येणार नाही याची खात्री कोणी दिली आहे?

तेव्हा होकार कळवण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे की, ही निवड विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत होणार आहे की संस्थेच्या स्थानिक समितीमार्फत, विद्यापीठाची मान्यता नियमित मिळेल की एका वर्षापुरती, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ किती, आणि ६६ हजार ही वेतनश्रेणी आहे की ठोक रक्कम. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे आणि भत्ते त्यावर मिळतात, हे लक्षात घेता नऊ वर्षांच्या अनुभवाला ६६ हजार म्हणजे बहुधा ठोक रक्कमच असावी. ठोक पगारावर जाऊ नये असे मी म्हणत नाही. आपण कशावर जात आहोत हे माहीत असावे, एवढेच. भविष्यनिर्वाह निधीची कपात पूर्ण पगारावर होते की नाममात्र रकमेवर, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. उपदान (ग्रॅच्युइटी) शिक्षकांनाही मिळते आणि सध्याच्या ठिकाणी आपली नऊ वर्षे झाली आहेत, म्हणून राजीनाम्याबरोबर त्या रकमेचा अर्ज द्यायला विसरू नये. मूळ प्रमाणपत्रे ‘फाइलला लावायला’ मागितली तर साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद नाही.

लेखी उत्तर येईपर्यंत एक काम घरबसल्या होण्याजोगे आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार आणि शाखावार प्रवेशांची माहिती मिळते. आपण ज्या शाखेत शिकवणार आहात, तिच्या मागच्या तीन वर्षांच्या जागा आणि प्रत्यक्ष प्रवेश शेजारी शेजारी लिहून काढावेत. साठ जागांपैकी पंचावन्न भरत असतील तर निर्धास्त असावे. पंचावन्नांच्या चाळीस आणि चाळिसांच्या पंचवीस झाल्या असतील, तर प्राचार्य कितीही गोड बोलले तरी आपले पद त्या उतरणीवर आहे. मुलाखतीच्या दालनात जे कळत नाही ते प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाकडून कळते. त्यांच्याबरोबर एक चहा घ्यावा आणि मागच्या महिन्याचा पगार कितव्या तारखेला झाला, एवढेच विचारावे.

मुलीची शाळा हा मुद्दा आपण पत्रात एका वाक्यात उरकला आहे, पण वेळापत्रक तोच ठरवतो. केंद्रीय मंडळात नववीलाच नोंदणी होते आणि थेट दहावीत शाळा बदलणे अवघड असते. हलायचे असेल तर या जूनपूर्वी. नाही तर तिची दहावी होईपर्यंत आपण एकटीने कराडला राहणे किंवा हा विचार सोडणे, एवढेच पर्याय उरतात. तिला स्वतःला काय वाटते, हे पत्रात कोठेच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन एकदा गाव पाहून यावे, आणि ते प्रीतिसंगमावर भेळ खाऊन परत यावे असे नको. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला कृष्णा पुलावरून जावे, म्हणजे तिचा रोजचा रस्ता कसा असेल ते तिला दिसेल.

घर पाहताना विद्यानगरातच घेऊ नये, असा माझा सल्ला आहे. तेथील बंगल्यांच्या फाटकांवर ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी’ अशा पाट्या दिसतात आणि एकेका खोलीचे भाडे कॉटप्रमाणे वसूल होते. त्या हिशेबाला सरावलेला घरमालक कुटुंबाला घर देताना एक तर भाडे चढे सांगतो किंवा दोन वर्षांनी कॉटच बऱ्या म्हणून घर रिकामे करायला लावतो. शिवाय शिक्षिकेने विद्यार्थ्यांच्या खिडकीसमोर राहिले की भाजी घेतानाही गुणांची चौकशी होते, आणि रविवारी सकाळी दार वाजवून कोणी ‘मॅडम, सबमिशनवर सही’ म्हणून उभा राहतो. मला त्याची पुढे पुढे गंमत वाटू लागली होती, पण सासूबाईंना वाटेलच असे नाही. नदीअलीकडे गावात घर पाहावे; आणि काठाजवळ असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे दलालाला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे. अकरा महिन्यांचा करार नोंदवलेलाच असावा. महाराष्ट्रात तो लेखी करून नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. धायरीचा फ्लॅट विकण्याचा विचार मात्र परिविक्षा संपेपर्यंत मनातही आणू नये.

माझे मत विचाराल तर, शाखेचे प्रवेश भरलेले असतील आणि नेमणूक विद्यापीठाच्या समितीमार्फत असेल, तर आपण या जूनलाच जावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर वाघोलीच्या जवळ भाड्याचे घर घेऊन धायरीचा फ्लॅट भाड्याने द्यावा, म्हणजे तेच चार तास गाव न सोडता वाचतील. हा मार्ग आपल्या पत्रात कसा आला नाही, याचे मला नवल वाटले.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची खानावळ चालवतो. धंदा मंदावला आहे. विद्यानगरात गाळा १५ हजार रुपये भाड्याने मिळतो आहे. विद्यार्थ्यांची खानावळ घालण्यासाठी तेथे जावे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कामगार बाराही महिने जेवतो, विद्यार्थी जेवत नाही. दिवाळीची सुट्टी, परीक्षेपूर्वीची अभ्यासाची रजा आणि उन्हाळा वजा केला तर पूर्ण धंद्याचे नऊ महिने धरावेत. गाळ्याचे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार या नऊ महिन्यांतच उभे करायचे असल्यामुळे आपले खरे भाडे पंधरा नव्हे, वीस हजार आहे. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचे प्रवेश पावसाळाभर चालू राहतात, म्हणून जूनमध्ये गाळा घेऊन बसलात तर पहिले दोन महिने जुन्या मुलांवर काढावे लागतील, आणि जुन्या मुलांची खानावळ आधीच ठरलेली असते.

त्यामुळे गाळ्याची अनामत आत्ता भरू नये. दोघांपैकी एकाने इचलकरंजीची चूल चालू ठेवावी आणि दुसऱ्याने विद्यानगरात दोन खोल्या घेऊन ऑगस्टपासून डबे सुरू करावेत. मुलींच्या खोल्यांवर डबा पोहोचवणारा वक्तशीर माणूस मिळाला की एका खोलीमागून दुसरी खोली जोडली जाते. खाड्यांचा नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहून लावावा, म्हणजे आधी सांगून किती दिवस सलग गैरहजर राहिले तर पैसे वजा होतील ते त्यात स्पष्ट असावे. खानावळवाले आणि मुले यांच्यातली निम्मी भांडणे यावरूनच होतात. आपल्या पत्रावरून भाकरी आणि झणझणीत रस्सा हा आपला हातखंडा दिसतो. विद्यार्थी तो आठवड्यातून दोनदा आवडीने खातील, पण रोज त्यांना चपाती आणि कमी तिखट भाजी लागेल, आणि रविवारच्या फीस्टला गोड नसेल तर सोमवारी चार डबे कमी झालेले दिसतील. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. त्याचा खर्च डब्याच्या दरात धरावा. दिवाळीपर्यंत चाळीस डबे टिकले तर त्यानंतर गाळ्याचे बोलणे करावे, आणि बोलताना मे महिन्याचे भाडे निम्मे मागावे. ज्या घरमालकाने एखादा उन्हाळा रिकाम्या गाळ्यासमोर काढला आहे, तो बहुधा नाही म्हणणार नाही.