बाळाचं वजन वाढल्यावर कसाई ऑपरेशन केलं तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी ५२ दिवसांची आहे, वजन पावणेचार किलो आहे आणि बिलिअरी अट्रेसियाचं, म्हणजे पित्ताच्या नळ्या बंद होण्याच्या आजाराचं निदान झालंय. डॉक्टर याच आठवड्यात कसाई ऑपरेशन करू म्हणतात. घरचे म्हणतात, एवढ्याशा जिवाला कुठे कापता, पाच किलोची तरी होऊ द्या. आणि ऑपरेशननंतर तिला खायला-प्यायला काय द्यायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे.

थांबू नका. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन ६४व्या दिवशी झालं, आता तो सात वर्षांचा आहे. तेव्हा मलाही सगळे हेच सांगत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या नावाबद्दल. आमच्याकडे सासऱ्यांनी ‘कसाई’ ऐकलं आणि ते पायरीवर मटकन खालीच बसले. नंतर वॉर्डातल्या एका सिस्टरने त्यांना शेजारी बसवून समजावलं की मोरिओ कसाई हे जपानमधल्या सेंदाई शहरातले सर्जन होते. या आजारावर काहीच इलाज नव्हता, तेव्हा त्यांनी ही शस्त्रक्रिया शोधली आणि १९५९ साली ती जपानी भाषेत प्रसिद्ध केली. तुमच्या घरातही या शब्दानेच निम्मी भीती घातली असेल, तर हे सगळ्यांना सांगा.

आता वजनाचं. यकृतात हिरवट-पिवळा पित्तरस तयार होतो आणि नळीतून आतड्यात उतरतो. पित्त म्हटलं की आपल्याला आंबट ढेकर आठवतात, पण हे ते पित्त नव्हे. दुधातली चरबी पचायला हा रस लागतो. या आजारात यकृताबाहेरच्या नळ्या सुजून, आकसून बंद होतात. रस आतड्यात पोचत नाही, म्हणून शी भिजवलेल्या शाडूसारखी पांढरट होते. तुमची मुलगी भुकेने दूध ओढत असेल, पण त्यातली बरीचशी चरबी न पचताच बाहेर पडते. इकडे अडकलेला रस रोज यकृताला इजा करतो आणि तिथे व्रण धरत जातात. म्हणजे वजन वाढायची वाट बघायची म्हटलं, तर ज्या कारणाने वजन वाढत नाही तेच कारण तसंच ठेवून वाट बघायची. माझ्या मुलाचं वजन ४५व्या दिवसापासून ६४व्या दिवसापर्यंत जेमतेम दीडशे ग्रॅमने वाढलं. तेवढ्या दिवसांत यकृत मात्र बोटभर खाली उतरून कडक लागायला लागलं होतं.

६० दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्या बाळांचं पित्त उतरण्याची शक्यता जास्त असते. ६१व्या दिवशी दार बंद होतं असं नाही, पण नव्वद दिवसांच्या पुढे ती बरीच कमी होते. तुमच्या हातात अजून आठ दिवस आहेत. आमच्या हातात नव्हते. आमच्या गावातल्या दवाखान्यात चौथ्या आठवड्यापासून ‘अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा’ एवढंच सांगत होते. त्या कावीळीत शी पिवळीच राहते आणि ऊन फक्त त्याच कावीळीवर काम करतं. दोन आठवड्यांपुढे कावीळ राहिली की रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की वाढणारं पिवळं द्रव्य) मोजायचं असतं, ते कुणी मोजलंच नाही. लंगोटावर शूचे गडद पिवळे डाग पडत होते, तान्ह्या बाळाची शू पाण्यासारखी असते हे मलाही ठाऊक नव्हतं. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नव्या आईला शीच्या रंगांचं कार्ड देतात. आपल्याकडेही ते प्रत्येक बाळंतिणीच्या हातात पडावं असं मला फार वाटतं. तुमच्या डॉक्टरांनी ५२व्या दिवशी निदान केलंय, त्यांनी मिळवून दिलेला वेळ घरच्या चर्चेत घालवू नका.

ऑपरेशनमध्ये आधी पित्ताशयातून औषध सोडून एक्स-रे काढतात आणि नळ्या खरंच बंद आहेत याची खात्री करतात. मग त्या वाळलेल्या नळ्या काढून छोट्या आतड्याचा एक पदर वर नेऊन थेट यकृताच्या तोंडाशी शिवतात. त्याआधी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय का, ते नक्की विचारा. पित्ताशिवाय हे व्हिटॅमिन शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही आणि अशा बाळांना डोक्यातही रक्तस्राव होऊ शकतो. अंगावर निळसर डाग दिसले किंवा बेंबीतून रक्त आलं, तर ऑपरेशनच्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी दवाखान्यात पळा.

आमच्या वॉर्डात ऑपरेशननंतर सगळ्या आया लंगोटच बघत बसायच्या. सहाव्या दिवशी माझ्या मुलाने हिरवट शी केली तेव्हा शेजारच्या तीन खाटांवरच्या बायका उठून बघायला आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मुलीची शी कधीच रंगली नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही, अनुभवी केंद्रांतसुद्धा साधारण निम्म्याच बाळांची कावीळ पूर्ण उतरते आणि उतरलेल्यांपैकीही अनेकांना पुढे कधीतरी यकृत प्रत्यारोपण लागतं. त्या मुलीला तिच्या आईच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा बसवला, ती आता शाळेत जाते. भारतात मुलांचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं, तेही याच आजाराच्या मुलाचं, वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवून. तेव्हा कसाई साधलं नाही तर पुढे काहीच नाही, असं समजू नका. पण प्रत्यारोपणापर्यंत पोचायचं तरी अंगात बळ लागतं, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातून येणार आहे.

अंगावरचं दूध चालू ठेवा. कुणी दुधाला दोष दिला, गरोदरपणात काय खाल्लंस म्हणून विचारलं, तर ऐकून घेऊ नका, आईच्या खाण्याने हे होत नाही. पण या बाळांना इतर बाळांच्या सव्वा ते दीडपट ऊर्जा लागते, म्हणून नुसतं अंगावरचं दूध बहुतेकदा पुरत नाही. आहारतज्ज्ञ एमसीटी असलेलं दूध किंवा एमसीटी तेल लिहून देतील. मध्यम साखळीची ही चरबी पित्ताची वाट न बघता थेट रक्तात जाते. सुरुवात थेंबा-थेंबाने करा, एकदम दिलं की जुलाब होतात. माझ्या सासूबाई प्रेमाने तूप वाढवायच्या आणि मुलाला तेलकट, तरंगणारी शी व्हायची. त्याला तुपासारखी लांब साखळीची थोडी चरबीही लागते, तिचं प्रमाण आम्हाला आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलं होतं, मग सासूबाईही तूप मोजूनच घालायला लागल्या. कोकणातल्या मावशीने खोबरेल सुचवलं होतं, बऱ्याच जणी सुचवतात. खोबरेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि ते पुष्कळसं लांब साखळीसारखंच वागतं. ते एमसीटी तेलाची जागा घेऊ शकत नाही.

सहा महिन्यांनंतर नाचणी सत्त्व, मुगाच्या डाळीची खिमट, उकडलेल्या अंड्याचा बलक, केळं. खिमट चुलीवरून उतरल्यावर मग एमसीटी तेल घालायचं, उकळायचं नाही. डाळ-अंडं कमी करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, या बाळांना प्रथिनं भरपूर लागतात. ए, डी, ई आणि के या चारही व्हिटॅमिनचे थेंब डॉक्टर म्हणतील तितके महिने द्या, वरून बाळ छान दिसलं तरी. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे थेंब मध्येच थांबले आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की पाळण्यातून उचलताना हात मोडला. घुटी, मध, लिव्हर टॉनिक, काविळीचं झाडपाल्याचं औषध, यातलं काहीही नको.

वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. यकृत आणि प्लीहा मोठी होते, पोटात पाणी साठतं आणि काटा वर जातो, बाळ मात्र आतून वाळत असतं. आमच्या आहारतज्ज्ञ दर वेळी दंडाचा घेर मोजायच्या. सातव्या महिन्यात तो दोन महिने एकाच ठिकाणी अडला, तेव्हा त्यांनी रात्री नाकातल्या नळीतून दूध द्यायला सांगितलं. मी खूप रडले होते, वाटलं बाळ तोंडाने खायचं विसरेल. विसरला नाही. दिवसा चमच्याने, रात्री नळीने, अडीच महिन्यांत घेर वाढला आणि नळी निघाली.

ताप आला, शी परत फिकी पडली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. नव्या जोडणीतून जंतू यकृताकडे चढतात आणि शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. आम्ही पहिल्या वर्षात चार वेळा भरती झालो. चारही वेळा रात्रीच निघालो.

पैशांचा प्रश्न असेल तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना भरतीच्या आधीच भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. आणि आजच्या शीचा एक लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, सर्जनला तो बघायचा असतो. उद्याच फोन करून तारीख घ्या.