मुंबईत संकष्टीला चंद्र दिसलाच नाही तर उपास कधी सोडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी नागपूरहून पवईला आलात, संकष्टी कॉलेजपासून करता. आई तिकडून फोन करून "निघाला चंद्र, जेवून घे" म्हणते आणि इथे खिडकीतून समोरच्या टॉवरशिवाय काही दिसत नाही. पावसाळ्यात तर आभाळच नसतं. मग जेवायचं कधी? आणि रूममेट म्हणते खिचडीत कोथिंबीर चालत नाही, तर ते खरं का?

मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ झाली की जेवायचं. चंद्र डोळ्यांना दिसलाच पाहिजे अशी अट नाही. संकष्टी कुठल्या दिवशी धरायची हेच मुळी चंद्रोदयावरून ठरतं, वद्य चतुर्थी चंद्र उगवताना असली पाहिजे. म्हणून कधीकधी पंचांगात दुपारपर्यंत तृतीया दिसते आणि संकष्टी मात्र त्याच दिवशी असते. सगळा हिशेब उगवण्याचा आहे, दिसण्याचा नाही. तसं नसतं तर आषाढ-श्रावणात अख्खं कोकण उपाशी झोपलं असतं.

फक्त वेळ मुंबईची धरा, आईची नको. नागपूर आपल्यापेक्षा सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे आणि एका अंशामागे चार मिनिटं जातात, म्हणजे तिकडे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. घड्याळ देशभर एक असलं तरी आभाळ एक नाही. (मुंबईने तर घड्याळही बरीच वर्षं वेगळं ठेवलं होतं. भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे चालणारी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत वापरात होती. त्या काळात दोन्हीकडच्या मायलेकींनी काय केलं असतं देव जाणे.) भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदय छापलेला असतो, तो कुठल्या गावाचा आहे ते एकदा बघून घ्या. मोबाइलवरचं पंचांग वापरत असाल तर त्यात शहर अजून नागपूरच राहिलेलं नाही ना, तेही बघा. इथे वर्षभरात ही वेळ साधारण रात्री आठ ते अकराच्या मध्ये कुठेतरी असते.

आता छापलेल्या वेळेला बाहेर डोकावलं तर स्वच्छ रात्रीसुद्धा तुम्हाला चंद्र दिसणार नाही. ती वेळ चंद्र क्षितिजाला टेकतो तेव्हाची असते आणि पवईत क्षितिज कुठे आहे? इमारतींच्या वर, दहा अंशांपर्यंत यायला त्याला पाऊण तास तरी लागतो. शिवाय दिशा. दादर चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. समुद्र आपल्या पश्चिमेला, चंद्र यायचा पूर्वेकडून, त्यांच्या पाठीमागून. पूर्वेचं मोकळं आभाळ हवं असेल तर शिवडी, नाहीतर मुलुंड-भांडुप पूर्वेची खाडीकडची बाजू. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. गच्चीवरून पलीकडे ऐरोलीचे दिवे दिसतात आणि त्यांच्यावर आधी नुसता तांबूस डाग येतो, धुरकट, किंचित चपटा. चंद्र आहे हे कळायलाच थोडा वेळ लागतो. मग भराभर वर चढतो आणि पांढरा होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू तोवर जेवून हात धुऊन आलेल्या असतात आणि माझ्या दृष्टीने त्यांचं काही चुकत नाही.

चंद्राला अर्घ्य द्यायचं असेल तर पाण्यात गंध, अक्षता, फूल घालून पूर्वेकडे तोंड करून पळीने ताम्हनात सोडा. ढग असले तरी त्या दिशेला दिलेलं चालतं. ताम्हनातच सोडा असं मुद्दाम सांगतेय. ग्रिलमधून बाहेर सोडलेलं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर विघ्न सुरू होतं. ताम्हनातलं पाणी नंतर कुंडीत ओतावं. गणपतीला दूर्वा, आरती, नैवेद्य, अथर्वशीर्ष येत असेल तर ते. शास्त्रोक्त पूजेत गणपतीला आणि चतुर्थी तिथीलासुद्धा अर्घ्य असतं, पण लोकलमधून साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाने दिवा लावून हात जोडले तरी पुरे असं आमच्याकडे मानतात. गंमत अशी की हाच चंद्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चुकूनही बघायचा नाही म्हणतात, बघितला की कृष्णावर स्यमंतक मण्याचा आला तसा चोरीचा आळ येतो. पंधरवड्यातच त्याची वाट बघायची वेळ येते.

कोथिंबीर. घरोघरची रीत, दुसरं काही नाही. काही घरांत कोथिंबीर चालते, काहींत जिरंही चालत नाही, कुठे हळद नाही, कुठे सैंधवच लागतं. आणि ज्या खिचडीवरून वाद चाललाय तिच्यातला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. ते चालतात आणि आपल्या परसातली कोथिंबीर अडते, याला शास्त्र म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या आईकडे घालत असतील तर घाला. रूममेटच्या खिचडीत मात्र घालू नका.

खाण्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. उपास म्हणून दिवसभर चार-पाच चहा आणि रात्री दहाला पोटभर वरणभात. पित्त उठणारच. ऑफिसच्या एसीत डब्यातली खिचडी दुपारपर्यंत गोळा होऊन बसते, त्यापेक्षा उकडलेली रताळी, दही-काकडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू न्यावा. वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी सकाळी खाऊन निघालात तर संध्याकाळच्या गाडीत डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या उपासाच्या तळकट चिवड्याच्या पुड्या मी तरी टाळते. मधुमेहाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नका. फळं खाऊन, वेळेवर जेवूनही चतुर्थी पाळणारे पुष्कळ आहेत. माझ्या सासूबाई शेवटी तशाच करायच्या आणि त्यांची चतुर्थी मोडली असं घरात कुणी म्हणालं नाही.

आश्विनातल्या संकष्टीला तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाळणी घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतील, तेव्हा बुचकळ्यात पडू नका. करवा चौथ त्याच चतुर्थीला असते. त्यांचा उपास पाण्याशिवायचा आणि त्यांच्याकडे चंद्र बघूनच सोडायची रीत, त्यामुळे त्या दिवशी बिल्डिंगमधला सगळ्यात पक्का पहारा त्यांचाच. "दिसला!" अशी एकदा आरोळी आली की आपलंही काम होतं.

आणि मंगळवारची संकष्टी म्हणजे अंगारकी. त्या दिवशी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जायचा विचार असेल तर आधी घरी विचार करून निघा. देऊळ 1801 सालचं, पण गर्दी आजची. आदल्या रात्रीपासूनच रांगा लागतात, उपनगरांतून रात्रभर चालत येणारेही असतात. तासन् तास उभं राहायची तयारी असेल तर पाण्याची बाटली आणि एखादं केळं जवळ ठेवून खुशाल जा. नसेल तर घराजवळच्या गणपतीला जा आणि सिद्धिविनायकाला पुढच्या एखाद्या साध्या बुधवारी-गुरुवारी दुपारी जाऊन या, खूप निवांत दर्शन होतं.