कारखान्याच्या कॉम्प्युटरला रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) लागू नये म्हणून काय करावं? अँटीव्हायरस पुरेसा आहे का?

तुम्ही लिहिलंय की टॉवेलचा छोटा कारखाना आहे, ऑफिसात चार कॉम्प्युटर, एकावर हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली, अँटीव्हायरस विकत घेतलेला आहे, तेवढं बास का. नाही, बास नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा पण टेरी टॉवेलचाच कारखाना आहे, हिशोब आणि कॉम्प्युटर मी बघतो, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं हे झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोमवारी सकाळी टॅली उघडलं तर कंपनीच दिसेना. फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर प्रत्येक फाईलच्या नावामागं कसलंतरी शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नोटपॅडची फाईल, बिटकॉइनमध्ये पैसे भरा म्हणून. मला वाटलं काळजी नाही, बॅकअप आहे, रोज रात्री आपोआप होतो. पण ती बॅकअपची हार्डडिस्क त्याच कॉम्प्युटरला मागं कायम लावून ठेवलेली, उघडली तर तिच्यात पण तेच शेपूट. तिकडं शेडमध्ये लूम नेहमीसारखे खडखडत होते कारण जॅकार्डच्या, म्हणजे लूमवर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कंट्रोलरमध्ये डिझाईन आधीच भरलेलं असतं, पण इकडं माल भरून उभ्या असलेल्या टेम्पोचं बिल निघेना आणि काका दारात उभं राहून विचारतायत, कुणाकडून किती येणं आहे ते तरी सांग. ते मला सांगता येईना.

शिरकाव कुठून झाला तर लॉकडाऊनमध्ये घरून टॅली बघता यावं म्हणून राऊटरवर रिमोट डेस्कटॉपचा (लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा, बाहेर उघडून ठेवलेला, पासवर्ड म्हणजे कारखान्याचं नाव आणि पुढं १२३, नंतर तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. असे उघडे पोर्ट शोधत आणि पासवर्ड लावून बघत प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात, आपण छोटे आहोत म्हणून कोण सोडत नाही. आत आलेल्या माणसाच्या हातात अ‍ॅडमिन लॉगिन होतं, त्यानं आधी अँटीव्हायरसच बंद केला. म्हणून आज संध्याकाळीच राऊटरमध्ये हे बघा, आणि घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) आणि ओटीपी लावूनच करा. रोजच्या बिलिंगला अ‍ॅडमिन लॉगिन वापरू नका, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर ठेवू नका, फुकट मिळतं म्हणून डिझाईनवाले पोरं ते सर्रास टाकतात आणि त्यातून पण येतं. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, जुनी मशीन असेल तर निदान तिचं इंटरनेट काढा.

पण सगळ्यात जास्त जीव बॅकअपमध्ये घाला. आमचं टॅली वाचलं ते सीएंकडं ऑडिटसाठी दिलेल्या मार्चअखेरच्या कॉपीमुळं, पुढचे पाच महिने बिलबुकं, चलनं, बँक स्टेटमेंट आणि जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-१ समोर ठेवून परत भरले, दीड महिना गेला. डिझाईनच्या फायली मात्र गेल्या, लूमवर न्यायच्या पेनड्राईव्हमध्ये होत्या तेवढ्याच मिळाल्या.

आता दोन हार्डडिस्क आहेत, एक दिवसाआड बदलायच्या, बॅकअप झाला की वायर काढायची आणि एक कायम काकांच्या घरी, कपाटात. तिसरी कॉपी क्लाऊडवर. नुसतं गुगल ड्राईव्हला सिंक लावलं म्हणजे झालं असं समजू नका, इथं फाईल लॉक झाली की लॉक झालेलीच वर जाते, जुनी आवृत्ती मिळते पण साधारण ३० दिवसच.

वायर काढलेली कॉपी काय करते ते जून २०१७ मध्ये सगळ्यांनी बघितलंय. नॉटपेट्या नावाच्या असल्याच व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पाडले, आपला टॉवेल जिथून जहाजावर चढतो त्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनल पण ठप्प. त्यांच्या नेटवर्कची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर सगळीकडचे गेले, एक फक्त घानातला वाचला, कारण तिथं त्या वेळी लाईट गेली होती आणि तो नेटवर्कवरच नव्हता. त्या एकावरून ती लॉगिनची यंत्रणा परत उभी केली.

आणि लागलंच तर आधी लॅनची वायर उपटा, वायफाय बंद करा, बाकीचे कॉम्प्युटर पण नेटवर्कवरून काढा. बॅकअपची डिस्क घाबरून त्याच मशीनला लावू नका. फॉरमॅट मारू नका, त्या नोटचा आणि स्क्रीनचा फोटो काढा, सायबर पोलिसांकडं आणि सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार करा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे. नो मोअर रॅन्सम या साईटवर काही प्रकारांचं लॉक उघडायची चावी फुकट मिळते, आमच्या प्रकाराची नव्हती, तरी ती लॉक झालेली डिस्क मी जपून ठेवलीय कारण पुढंमागं चावी निघू शकते. पैसे आम्ही दिले नाहीत, तुम्ही पण देऊ नका, दिल्यावर फायली मिळतीलच याची कसलीच खात्री नसते.

शेवटचं एक, दर तीन महिन्यांनी एका रविवारी मी जुन्या लॅपटॉपवर बॅकअपमधनं सगळं परत उभं करून बघतो. पहिल्या वेळी टॅली अर्ध्या तासात चालू झालं, पण डिझाईनच्या सॉफ्टवेअरची सीडी आणि लायसन्स कुठं आहे तेच सापडेना, चार तास त्यातच गेले. आता ते सगळं, राऊटरच्या पासवर्डसकट, एका वहीत लिहून तिजोरीत ठेवलंय. एमआयडीसीत कधी आलात तर ती वही दाखवतो, तशीच उतरवून घ्या.