वाचकांचे प्रश्न : अग्रक्रम दिला, पण पाळला जातोय का?

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप आयओनाइसने (डिस्कवापराचा अग्रक्रम ठरवणारी कमांड) ‘आयडल’ वर्गात, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच चालेल असा टाकलाय, तरी डेटाबेस अडखळतो. डिस्क रिक्वेस्टचा अग्रक्रम ट्रेसमध्ये (कर्नलच्या कामाच्या नोंदीत) कसा बघायचा?

उत्तर : कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा घ्या. ब्लॉक ट्रेसच्या (डिस्क रिक्वेस्टच्या नोंदीच्या) ओळीत पूर्वी सेक्टर (डिस्कवरची जागा), आकार, प्रोसेसचं नाव वगैरे यायचं, अग्रक्रम नाही. २०२४ मध्ये त्यात अग्रक्रमाची भर पडली. आमच्यासारख्यांची मोठीच सोय झाली. आता ‘बीई,०,४’ असं दिसतं : वर्ग (बीई म्हणजे ‘बेस्ट एफर्ट’, नेहमीचा वर्ग), हिंट (डिस्कसाठी जादा सूचना), पातळी. पातळीत ० सर्वांत वरची, ७ शेवटची.

बॅकअपचं लिखाण मात्र नीट पाहा. बफरमधून (मेमरीत आधी साठवून) जाणारं लिखाण नंतर केवर्कर, म्हणजे कर्नलचा स्वतःचा कामगार धागा, डिस्कवर उतरवतो, तिथे तुमचा ‘आयडल’ लागूच होत नाही. शिवाय डिस्क रिक्वेस्टचा क्रम लावणारा शेड्यूलर ‘नन’ (म्हणजे कोणताच नाही) असेल तर अग्रक्रम विचारतो कोण? अग्रक्रम पाळणारा बीएफक्यू शेड्यूलर लावून पुन्हा ट्रेस घ्या.