तान्ह्या पोळ्याला गावाबाहेरच्या रोडवर पोरं बाइकची रेस लावतात. पकडले तर फक्त चालान होते का?

नाही. रेससाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 189 लागतं: पहिल्यांदा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही. शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) जशी कलेक्टरची परवानगी लागते, तशी इथे राज्य सरकारची लेखी संमती लागते. ती गावात कोणाकडेच नसते.

व्हीली (पुढचं चाक उचलून चालवणं), झिगझॅग हे त्याच कायद्याच्या कलम 184 मध्ये येतं. 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 दंड किंवा दोन्ही. ड्रायव्हिंग करताना मोबाइल वापरल्याची केस सोडली, तर हे जागेवर तडजोडीनं मिटत नाही, कोर्टाची तारीख ठरलेलीच. सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (बेदरकार ड्रायव्हिंग) लावतात. कोणी मेलं तर कलम 106, म्हणजे 5 वर्षांपर्यंत कैद.

खरी गोम मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ मध्ये आहे. पोरगा 18 च्या आतला असला तर बाप किंवा गाडीमालक दोषी: 3 वर्षांपर्यंत कैद, वर 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द. पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ‘मले माहीतच नोयतं’ हे बापालाच कोर्टात सिद्ध करावं लागते. चावी खुंटीवर टांगलेली असली तर कठीणच.